वरठीपर्यंत एक्सप्रेस, पुढे ऑटो

भंडारा शहरात आजवर कोणताही पोट्टा कॉम्प्युटर गेममध्ये स्वतःच्या चुकीने हरलेला नाही. कधी नेट गेलेलं असतं, कधी पिंग वाढलेला असतो, कधी माऊस ‘अटकतो’, आणि यातलं काहीच नसेल तर समोरचा हॅक लावून खेळत असतो. रात्री साडेअकराच्या सुमारास खात रोडवरच्या एखाद्या घरातून आरोळी उठते, ‘लॅग मार रहा है भाई!’ घर मराठी, पोट्टा मराठी, पण आरोळी राष्ट्रीय एकात्मतेच्या हिंदीत, कारण टीममधले बाकीचे चौघे इंदूर, पाटणा, सुरत आणि रायपूरला बसलेले असतात. स्वयंपाकघरातून आईचा आवाज येतो, ‘कोण मारून राहिलं रे तुले?’

हरण्याचं कारण यंत्रात आहे असं एकदा ठरलं, की औषधही यंत्रांच्या दुकानातच मिळणार. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. सकाळची एसटी धरली की पोट्टा जेवणवेळेच्या आत सीताबर्डीच्या कॉम्प्युटर दुकानात उभा असतो. काउंटरवरून विचारणा होते, ‘माऊस वायरवाला दाखवू की वायरलेस?’ याचं उत्तर पाठ असतं. ‘वायरवाला. वायरलेसमध्ये डिले येते.’ हे त्याला कोणी सांगितलं? मित्राने. मित्राला कोणी? त्याच्या मोठ्या भावाने. मोठ्या भावाने शेवटचा वायरलेस माऊस हाताळला तो एका ऑफिसात, आणि त्याचे सेल उतरलेले होते.

माऊस जन्मला तो शेपटीसकट, हे खरं. डग्लस एंगलबर्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तो लोकांसमोर चालवून दाखवला तेव्हा त्याला वायर होती, आणि पुढची कित्येक वर्षं ती असण्यातच शहाणपण होतं. ऑफिसातला साधा माऊस सेकंदाला १२५ वेळा आपला ठावठिकाणा कॉम्प्युटरला कळवतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी एकदा. गेमिंगचा माऊस १,००० वेळा कळवतो, दर मिलिसेकंदाला एकदा. २०१८पर्यंत लॉजिटेकसारख्या कंपन्यांनी आपल्या खास २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओवर हेच काम वायरीशिवाय जमवलं. २०२० मध्ये ६३ ग्रॅमच्या आतला वायरलेस माऊस आला, आणि आज बक्षिसांसाठी खेळणारे बहुतेक व्यावसायिक खेळाडू बिनवायरचाच माऊस हलवतात. थोडक्यात, ज्या जागी वायर नसली तरी बिघडत नाही, नेमक्या त्याच जागेसाठी आपला पोट्टा वायर घेऊन घरी येतो.

आणि नेट? राउटर हॉलमध्ये, कॉम्प्युटर मागच्या खोलीत. मधे वायर टाकावी असं कोणाच्या मनातही येत नाही. त्याच दुकानातून निघता निघता तो तीन-चारशे रुपयांचा, नखाएवढा वाय-फाय डोंगल घेतो आणि घरी येऊन कॅबिनेटच्या मागे, लोखंडी पत्र्याच्या आड, भिंतीकडे तोंड करून खुपसतो. कॅबिनेटला बाजूने काच आहे, आत रंग बदलणारे पंखे आहेत, बारावीच्या टक्क्यांवर वसूल केलेलं बावीस हजारांचं ग्राफिक्स कार्ड आहे. त्यावरही दिवे आहेत. नेट मात्र मागच्या दाराने येतं. माऊसच्या एका मिलिसेकंदाला घाबरणारा हा वीर डोंगलच्या ऐंशी मिलिसेकंदांशी गुण्यागोविंदाने संसार करतो.

घर कोणतं एक सांगायची गरज नाही. खात रोड, गणेशपूर, तकिया वॉर्ड, नाहीतर तुमसर, साकोली, पवनी. थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच. एक आबाजी, ज्यांचा जन्म पितळी भांड्यांच्या धंद्यात गेला. एक बाबा, जे नेटचं बिल भरतात. एक आई, जिचा भिंतींवर जीव आहे. एक ताई, जी रील टाकते. आणि नागपुरात राहणारे एक मामा, ज्यांना कॉम्प्युटरमधलं कळतं अशी घरात समजूत आहे.

आता या ऐंशी मिलिसेकंदांचा उगम. पोट्टा खेळतो तो व्हॅलोरंट हा गेम २ जून २०२० रोजी आला, टाळेबंदीत, पोट्टे घरात कोंडलेले असताना. त्याचा भारतातला सर्व्हर मुंबईत. हा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा हिशेब करतो: कोण कुठे उभा आहे, कोणाची गोळी कोणाला लागली. म्हणजे दर ७.८ मिलिसेकंदांनी एक निकाल. भंडारा ते मुंबई नऊशे किलोमीटर धरले, आणि काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो हे लक्षात घेतलं, तर गोळी झाडल्याची खबर मुंबईला पोचायला साडेचार मिलिसेकंद लागतात आणि जबाब यायला तेवढेच. फायबर काही सरळ रेषेत जात नाही, वाटेत यंत्रांची नाकी लागतात. तरी सगळं धरून पंचवीस-तीसमध्ये काम होऊ शकतं. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला, तेव्हा नागपूर–मुंबई आठ तासांवर आल्याचा केवढा गाजावाजा झाला. इथे त्याहून लांबचा जाऊन-येऊन फेरा पापणी लवायच्या आत होतो आणि कोणी फीत कापत नाही.

मग तो जबाब हॉलमधल्या राउटरपाशी येतो आणि शेवटच्या दहा मीटरांत अडकतो. नऊशे किलोमीटरला तीस मिलिसेकंद, आणि हॉल ते मागची खोली कधी चार, कधी साठ, कधी दीडशे.

भंडाऱ्याच्या माणसाला हे समजवायला नेटवर्क इंजिनिअर लागत नाही. मुंबई–हावडा मार्गावरचं भंडाऱ्याचं स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीत आहे, आणि त्याचं नाव प्रामाणिकपणे ‘भंडारा रोड’ असं ठेवलेलं आहे. संध्याकाळी मुंबईहून सुटलेली विदर्भ एक्सप्रेस रात्रभर अर्धा महाराष्ट्र मागे टाकून सकाळी वरठीला आणून सोडते. पुढचे आठ-दहा किलोमीटर ऑटोवाल्याच्या मर्जीवर. ऑटो भरला की सुटतो. आणि भरला की नाही हे ठरवणारा तोच. कधी लगेच निघतो, कधी सातव्या सवारीसाठी पाऊण तास. वाय-फाय म्हणजे हा ऑटो. तो हळू चालतो अशी तक्रार नाही, धावायला लागला की बरा धावतो. तक्रार इतकीच, की कधी सुटेल ते सांगता येत नाही. पिंग, म्हणजे खबर जाऊन जबाब येईपर्यंतचा वेळ, सतत पन्नास राहिला तर खेळाडू त्याची सवय करून घेतो. तीसवरून दीडशे आणि परत तीस झाला तर समोरचा माणूस दारातून नाहीसा होऊन थेट आपल्या मागे उगवतो. याला जिटर म्हणतात. पोट्टे याला दुसरं काहीतरी म्हणतात, ते छापण्यासारखं नाही.

हा उशीर होतो, कारण वाय-फायचा स्वभाव अतिशय सभ्य आहे. बोलण्याआधी ऐकायचं. हवेत दुसरं कोणी बोलत असेल तर थांबायचं. ते गप्प झालं की लगेच तोंड उघडायचं नाही. मनातल्या मनात चिठ्ठी टाकून आणखी थोडं थांबायचं, आणि मगच बोलायचं. एका वेळी एकानेच. या घरात हा नियम पाळणारा सदस्य एकच, तो म्हणजे राउटर. त्यात बाबांचा जुना मोबाईल फार सावकाश बोलतो. तो एक व्हिडिओ उघडतो आणि बाकीचे सगळे त्याचं वाक्य संपायची वाट पाहतात. त्यावर शेजाऱ्यांची भर. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तेरा चॅनेल आहेत, पण एकमेकांच्या अंगावर न पडणारे जेमतेम तीन: १, ६ आणि ११. गल्लीत वीस घरं, वीस राउटर आणि तीन वाटा. शिवाय ब्लूटूथ तिथेच, वायरलेस माऊस तिथेच, मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच. भारतात हा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला, तेव्हापासून तिथे रोज आठवडी बाजार भरतो. ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ मध्ये खुला झाला. तिथे गर्दी कमी, जागा जास्त, पण त्या लहरी भिंतीपाशी लवकर दम तोडतात. आणि नखाएवढ्या डोंगलला ५ गिगाहर्ट्झ ऐकूच येत नाही.

भिंतीचं काय घेऊन बसलात! जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये बिनतारी लहरींनी दूरवरची घंटा वाजवली, बारूद पेटवली, आणि मधल्या भिंतींचा अडथळा होत नाही हे दाखवून दिलं. पण बोसांच्या वाटेत भंडाऱ्याच्या घरातली मांडणी नव्हती. हे पितळेचं गाव. हॉल आणि मागची खोली यांच्यामधल्या भिंतीवर आबाजींच्या आयुष्याची कमाई ओळीने मांडलेली आहे: हंडे, गुंड, घागरी, गंगाळं, उतरत्या मापाच्या पराती, दर दिवाळीला चिंचेने घासून लख्ख केलेल्या. रेडिओलहर धातूवर आपटली की परत फिरते. राउटरने मागच्या खोलीकडे पाठवलेला सिग्नल परातीवरून उलटतो आणि हॉलमध्येच परत येतो. म्हणून सोफ्यावर बसलेल्या बाबांना नेट कसं झकास मिळतं, आणि ‘मले तर काहीच प्रॉब्लेम नाही’ हे त्यांचं वाक्य तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर असतं.

उन्हाळ्यात यात कूलरची भर पडते. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे निघाला की पत्र्याचा कूलर माळ्यावरून उतरतो, त्याला नव्या ताट्या बसतात, आणि हॉलची हवा मागच्या खोलीपर्यंत जावी म्हणून तो नेमका राउटर आणि कॉम्प्युटर यांच्या मधल्या दारात उभा राहतो. चारी बाजूंनी लोखंडी पत्रा, पोटात बादल्यांनी ओतलेलं पाणी. पाणी या लहरी शोषून घेतं. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये भाजी गरम होते ती याच गुणामुळे. धातू परतवतो, पाणी पिऊन टाकतं. वाय-फाय अडवण्यासाठी एखाद्या प्रयोगशाळेने खास यंत्र बनवायचं ठरवलं असतं, तर ते साधारण असंच दिसलं असतं. पोट्टा मात्र मित्रांना सांगतो, ‘गर्मीमुळे सर्व्हर तापून राहिले बे.’

यावर बाबांनी त्यांच्या परीने उपाय केला: १०० एमबीपीएसचा प्लॅन होता, तो ३०० चा घेतला. पैसे वाढले की गाडी जोरात धावते हा एसटीपासून विमानापर्यंतचा अनुभव. पण असा गेम चालू असताना सेकंदाला लागतात काही शे किलोबिट; एक एमबीपीएससुद्धा चैन म्हणावी. तीनशेच्या प्लॅनमुळे वीस-तीस जीबीचं अपडेट लवकर उतरतं आणि पोट्टा लवकर हरायला बसू शकतो, एवढाच काय तो लाभ. उलट ताईने रील वर चढवायला घेतली, किंवा चार मोबाईलांनी रात्री फोटोंचा बॅकअप सुरू केला, की राउटरच्या दारात डेटाच्या पुड्यांची रांग लागते आणि गोळीची खबर त्या रांगेत सगळ्यात मागे उभी राहते. हा उशीर मात्र वायर टाकूनही जात नाही. त्यासाठी राउटरच्या सेटिंगमध्ये गेमला आधी सोडण्याची सोय शोधावी लागते, नाहीतर ताईशी बोलावं लागतं. पोट्टा सेटिंग शोधतो.

मग हेडफोन. वाढदिवसाला मिळालेले ब्लूटूथचे. गाणी ऐकायला उत्तम. पण आवाज गुंडाळायचा, पाठवायचा, उलगडायचा, यात साध्या ब्लूटूथ हेडफोनला शंभर ते दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. व्हॅलोरंटमध्ये शत्रूच्या पावलांचा आवाज हीच अर्धी लढाई. इथे पावलं वाजतात तेव्हा शत्रू येऊन, गोळी घालून पुढच्या खोलीत गेलेला असतो. त्यात माईक सुरू केला की ब्लूटूथ आवाजाची प्रत एकदम टेलिफोनवर आणतं; इंदूरचा मित्र विहिरीतून बोलतो आहे असं वाटतं. दोन-तीनशे रुपयांचे वायरवाले इअरफोन टेबलाच्या खणात पडलेले आहेत. पण ते फुकट आले होते, त्यामुळे त्यांच्यावर कोणाचा विश्वास नाही.

डोंगलची एक गंमत राहिलीच. कॉम्प्युटरच्या निळ्या यूएसबी ३.० खोबणीत हार्डडिस्क लावली की तिथून २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास खरखर पसरते आणि शेजारच्या वायरलेस डोंगलचे कान बंद होतात. खुद्द इंटेलने २०१२ मध्ये यावर निबंध काढला. उपाय काय? डोंगल एका एक्स्टेन्शन वायरीवर लावून दूर ठेवायचा. म्हणजे बिनवायरीचं नीट चालावं म्हणून वायर. ज्यांच्याकडे वायरलेस माऊस आहे असे सगळे जाणकार खेळाडू हीच वायर टेबलावरून ओढून डोंगल माऊसपासून वीतभर अंतरावर मांडतात, आणि वायरलेसमुळे टेबल किती मोकळं दिसतं हे पाहुण्यांना दाखवतात.

शेवटी प्रकरण मामांकडे गेलं. मामा नागपूरच्या इंजिनिअरिंग हॉस्टेलचे, या शतकाच्या पहिल्या दशकातले. तेव्हा काउंटर-स्ट्राइक १.६ आणि एज ऑफ एम्पायर्स खेळायला नेट लागत नसे, खोल्याखोल्यांतून ओढलेली लॅनची वायर लागे. ती खिडकीतून निघून व्हरांड्यातल्या चपलांवरून दुसऱ्या खिडकीत शिरे. कोणी अडखळून वायर तुटली की अख्ख्या विंगेचं युद्ध थांबे आणि गुन्हेगाराचा शोध सुरू होई. पिंग किती, असं तेव्हा कोणी विचारत नव्हतं. सगळ्यांचा सारखाच, नसल्यात जमा. मामांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘वायर काहून नाही टाकत बे?’

वायरीची बाजू मामांनी मांडली ती अशी. लॅनच्या वायरीत तांब्याच्या आठ तारा, दोन-दोनच्या पिळलेल्या चार जोड्या. शंभर मीटरपर्यंत निर्धास्त. बोलणं आणि ऐकणं एकाच वेळी, कोणाची वाट पाहायची नाही. राउटरपर्यंतचा फेरा एका मिलिसेकंदाच्या आत, उन्हाळा असो की पावसाळा, पराती असोत की नसोत. गंमत म्हणजे हे इथरनेट मुळात बिनतारीकडूनच शिकलेलं. हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये बेटाबेटांतले कॉम्प्युटर रेडिओने जोडले. त्याचा अभ्यास करून बॉब मेटकाफ यांनी १९७३ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात इथरनेट रचलं. सुरुवातीला तिथेही सगळे एकाच वायरीवर, ऐकून-थांबून-बोलणारे. पुढे प्रत्येकाला स्वतंत्र वायर मिळाली आणि थांबण्याचा प्रश्नच मिटला. हवा मात्र वाटून देता येत नाही.

घरात हा प्रस्ताव मांडला गेला तेव्हा तंत्रज्ञानाचा विचार पाच मिनिटांत संपला आणि भिंतीचा सुरू झाला. ‘मागच्या दिवाळीत पुट्टी मारली आहे. माझ्या भिंतीले भोक पडणार नाही,’ आईने सांगून टाकलं. बाबांनी सुचवलं, दाराखालून न्या. पण दार रोज वायरीवर घासणार, आणि आतली एखादी तार तुटली की वेग १,००० वरून मुकाट्याने १०० वर येणार. खेळायला शंभरही भरपूर, पण एकदा तुटायला लागलेली वायर शंभरावर थांबत नाही. कोणी म्हणालं, ते प्लगमध्ये लावायचं यंत्र आणा, जे घरातल्या विजेच्या वायरीतूनच नेट पाठवतं. ते चालतं; पण दोन्ही प्लग वेगळ्या फेजवर असले, किंवा वायरिंग आबाजींच्या लग्नातलं असलं, की त्याचाही ऑटो होतो. अखेर तोडगा निघाला: राउटरपासून खाली, भिंत आणि फरशी यांच्या कोपऱ्याने, पांढऱ्या केसिंग पट्टीतून, दाराच्या चौकटीला वळसा घालून मागच्या खोलीत. भोक एकही नाही. पट्टीचा रंग भिंतीशी जुळला पाहिजे, ही अट आईची.

वायर वीस मीटर. वीस-पंचवीस रुपये मीटरचा भाव चालू असताना पोट्ट्याने कुठूनतरी निम्म्या भावात आणली आणि बचत जाहीर केली. आबाजींनी टोक हातात घेतलं, एका तारेवरून अडकित्त्याचं पातं फिरवलं, उजेडात धरलं. आत पांढरा धातू.

‘हे तांबं नाही, बाप्पा. अल्मिनवर तांब्याची कल्हई मारून देल्ली तुले.’

आबाजींना नेटमधलं काही कळत नाही, पण निदान अचूक होतं. बाजारात लॅनच्या नावाने तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची वायर सर्रास मिळते. ती मानकात बसत नाही, वाकवली की तुटते, आणि लांब अंतरावर धड चालत नाही. जिथे तांबं आणि जस्त वितळवून पिढ्या जगल्या त्या गावात असं तांबं विकायला छातीच लागते. वायर परत गेली. शुद्ध तांब्याची आली. टोकं लावताना पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी हा क्रम पोट्ट्याने शाळेतल्या पाढ्यांपेक्षा लवकर पाठ केला.

वायरीचा कैवार घेताना एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही: आकाशातली वीज. पूर्व विदर्भात पावसाळ्याच्या तोंडाला ती कशी कोसळते हे रोवणीला वाकलेल्या माणसाला विचारावं. दोन मित्रांनी एकाच कनेक्शनमध्ये भागवायचं म्हणून गच्चीवरून गच्चीवर तांब्याची लॅन ओढली असेल, तर जवळपास वीज पडल्यावर त्या वायरीत उसळलेला दाब दोन्हीकडचे राउटर आणि मदरबोर्ड घेऊन जाऊ शकतो. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही, हवेतल्या वाय-फायलाही काही होत नाही. म्हणून तांबं घराच्या आत, आणि ढग गडगडले की पिना बाहेर.

घराबाहेरची वायर हा आणखी वेगळा पुराण-विषय. खांबांवरून लोंबकळणाऱ्या केबलवर वानरं झोके घेतात. खारी तिची चव पाहतात. दुर्गा विसर्जनाच्या मिरवणुकीत उंच मूर्तीपुढे एक कार्यकर्ता बांबूने वायरी उचलत चालतो; त्याने कोणती वायर किती उचलली यावर दुसऱ्या दिवशी अख्ख्या वॉर्डाचं नेट अवलंबून असतं. आणि लाईन गेली तर प्रश्नच मिटतो, इन्व्हर्टरवर पंखा आधी, राउटर नंतर. जिथे फायबर पोचलेलंच नाही तिथे २०२३ पासून गच्चीवर डबा बसवून ५जीच्या लहरींवर घरभर नेट देणाऱ्या एअरफायबरसारख्या सेवा आल्या. त्या घरांत वरठीच्या आधीच ऑटो सुरू होतो. तरी तिथेही डब्यापासून कॉम्प्युटरपर्यंत वायर टाकली तर दोन ऑटोंऐवजी एकाच ऑटोची वाट पाहावी लागते.

वायर लागली त्या रविवारी मामा स्वतः आले. पट्टी सरळ बसली होती, रंग जुळला होता. पोट्ट्याने गेम उघडला. पिंग २९. आबाजी आंघोळीहून आले तरी २९. बाबांनी मुद्दाम मोबाईलवर कीर्तन लावलं, २९. ताईने रील चढवली तेव्हा क्षणभर हलला आणि परत खाली बसला. हॉलमध्ये चहा झाला. मग पोट्टा खेळायला बसला, आणि हरला.

घरात शांतता पसरली. वर्षभर हा पोट्टा ब्रॉन्झ, म्हणजे काशाच्या श्रेणीत अडकला होता. आबाजींना त्याचं कधी वाईट वाटलं नाही, त्यांच्या बाजारात कासं पितळेपेक्षा महागच. पण आता नेटचं निमित्त संपलेलं होतं. पोट्ट्याने मान न वळवता सांगितलं, ‘चित्र अटकून अटकून येते ना. मॉनिटर जुना आहे.’

‘नवा कितीचा येते?’ बाबांनी सावधपणे विचारलं.

मामा तोवर टेबलाखाली शिरले होते. लॅनची पिन नीट बसली का ते पाहायला कॅबिनेटच्या मागे मोबाईलचा टॉर्च मारला होता. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आतूनच आवाज आला, ‘कार्ड कधी घेतलं रे?’

‘मागच्या जूनमध्ये.’

‘आणि मॉनिटरची वायर तेव्हापासून याच खोबणीत?’

‘एकच तर वायर आहे, मामा. वरच्या खोबणीत बसली, लावली.’

‘वरची मदरबोर्डची आहे. कार्डाची खालची.’ मामा धूळ झटकत बाहेर आले आणि बाबांकडे वळले. ‘भाऊजी, बावीस हजाराचं कार्ड वर्षभर नुसते दिवे दाखवून राहिलं होतं.’

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. आई पोट्ट्याकडे पाहू लागली. पोट्टा मिनिटभर पंख्यांच्या रंगांकडे बघत राहिला, मग त्याचा चेहरा हळूहळू उजळला. त्याने हेडफोन चढवले, माईक तोंडाजवळ ओढला.

‘भाई लोग, सुनो,’ तो इंदूर, पाटणा, सुरत आणि रायपूरला म्हणाला. ‘पता है, मैं बिना कार्ड के ब्रॉन्झ तक आया हूँ!’